व्हाइसखालचा खांब

(दृश्य : वर्कशॉपचा कोपरा. आधी फक्त आवाज. हँडल फिरतं, जबडे आवळतात. मग कचकन काहीतरी सरकतं.)

हा जो शेवटचा आवाज आला, तो व्हाइसचा नव्हता. त्याच्या खालच्या स्टँडचा होता.

व्हाइस म्हणजे कामाची वस्तू जबड्यांत आवळून धरणारं अवजार. पुस्तकी मराठीत शेगडा. आमचा बिडाचा आहे. वजन 40 किलो. एवढं वजन पेलायला साधं स्टूलही पुरतं, आणि आमची पहिली चूक नेमकी इथेच झाली. आम्ही वजन पेलणारा स्टँड बनवला. अँगलचे, म्हणजे L आकाराच्या लोखंडी पट्टीचे तीन पाय, वर एक प्लेट. रंग मात्र फार सुंदर दिला होता.

तीन पायांचा मोह पडतो, कारण तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. फरशी कशीही असो, तिन्ही टेकतात. पण उलटायची वेळ आली की तीच तिवई दगा देते. मधल्या बिंदूपासून प्रत्येक पाय 40 सेंटिमीटरवर असला, तरी दोन पायांना जोडणारी रेघ मध्यापासून फक्त 20 सेंटिमीटरवर येते. स्टँड त्या रेघेवरूनच कलंडतो. चार पाय तेवढ्याच अंतरावर ठेवले, तर ती रेघ 28 सेंटिमीटरवर जाते.

(दृश्य : जबड्यात जाड गज. गजावर लांब पाइप चढवून कारागीर बाजूला ओढतो. अँगलचे पाय पिळवटताना दिसतात.)

कलंडण्याआधी तो पिळला, हे पाहा. गज वाकवताना ओढ बाजूने लागते आणि खालचा सांगाडा कपडा पिळावा तसा पिळला जातो. अँगल हा उघडा आकार. वाकायला बऱ्यापैकी विरोध करतो, पिळाला जवळजवळ नाही.

एक कागद घ्या. गुंडाळून नळी करा आणि कड लांबीभर चिकटवा. आता पिळून पाहा. मग चिकटवलेली कड उभी कापा आणि पुन्हा पिळा. कागद तोच, वजन तेच, पण नळीचा जीव गेलेला असतो. 'बडा घर पोकळ वासा' म्हणणाऱ्याने पाइप वेल्ड केला नसावा. पोकळ पण बंद वासा हीच आमच्या दुसऱ्या स्टँडची सुरुवात.

(दृश्य : पाइप कापला जातो. ठिणग्या.)

150 मिलिमीटर व्यासाचा, 8 मिलिमीटर जाडीचा पाइप. लांबी 80 सेंटिमीटर. ही लांबी कोपरावरून ठरते. व्हाइससमोर ताठ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली धरायची. कोपर जबड्यांच्या वरच्या कडेला जेमतेम टेकलं पाहिजे. व्हाइस त्याहून खाली असेल तर कानस मारताना कंबर बोलते, वर असेल तर खांदे. सतत घण घालायचे असतील तर थोडं खाली चालतं, बारीक कानसकामाला थोडं वर. आमचं माप आलं सुमारे 105 सेंटिमीटर. त्यातून व्हाइसची उंची आणि दोन्ही प्लेटा वजा केल्या, उरला तो पाइप.

वरची प्लेट 20 मिलिमीटर, खालची 12. वरची एवढी जाड कशाला, असं प्रत्येक जण विचारतो. प्लेटची जाडी दुप्पट केली की तिचा वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. व्हाइस 'स्प्रिंगसारखा' लागतो अशी तक्रार असते, तेव्हा खांब बहुतेक वेळा निर्दोष असतो. लवत असते ती वरची पातळ प्लेट.

(दृश्य : गुण्या आणि ओळंबा. चार बाजूंना वेल्डिंगचे छोटे टाके.)

आधी समोरासमोर चार टाके, मग गुण्या, मग पुन्हा गुण्या. वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि प्लेट आपल्याकडे खेचतं. म्हणून वेल्डिंग सलग मारायचं नाही. थोडं इकडे, थोडं समोर. एवढं करूनही खालच्या प्लेटच्या कडा वर उचलल्याच, आणि अख्खा स्टँड मध्यावर भोवऱ्यासारखा टेकला. इलाज सोपा होता. चारही कोपऱ्यांखाली 1 सेंटिमीटर जाडीचे तुकडे वेल्ड केले. खांब तेवढाच उंचावला. कोपराला काही कळलं नाही. एक कोपरा फरशीवर किंचित अधांतरी राहिला, तिथे पत्र्याची चकती सरकवली.

पाइप आणि प्लेट यांच्या सांध्याला त्रिकोणी आधारपट्ट्या लावल्या. खालच्या पट्ट्या कोपऱ्यांच्या दिशेने आहेत, त्यामुळे समोर पायांची बोटं अडत नाहीत. वरच्या पट्ट्या लावताना मात्र एक गंमत झाली. एक पट्टी बरोबर बोल्टच्या भोकाखाली आली. नट लागेना, पाना फिरेना. ग्राइंडरने कापून काढली. आधी व्हाइस ठेवून भोकं मारायची आणि मग पट्ट्यांचा विचार करायचा, हे तेव्हा उमगलं.

(दृश्य : पाइपच्या वरच्या अंगाला एक भोक. नरसाळ्यातून वाळू.)

हे भोक फक्त वाळूसाठी नाही. दोन प्लेटांमध्ये बंद झालेल्या पाइपात वेल्डिंगच्या उष्णतेने हवा फुगते, तिला वाट लागते. वाळू घालायची ती सगळं वेल्डिंग संपून पाइप गार झाल्यावर, आणि भाजून पूर्ण कोरडी केलेली. ओली वाळू आतून गंज आणते. ती आत कोंडून वर वेल्डिंग केलं तर वाफेचा दाब तयार होतो, आणि तो खेळ नाही. आत 11 लिटर वाळू गेली, म्हणजे साधारण 18 किलो. हातोडा मारल्यावर घंटेसारखा वाजणारा खांब आता नुसता 'ठप्प' म्हणतो.

व्हाइस बसवताना एकच काळजी. मागचा, म्हणजे न हलणारा जबडा वरच्या प्लेटच्या कडेबाहेर जरासा येऊ द्यायचा, म्हणजे लांब गज उभा धरता येतो. आणि प्लेटवरचे वेल्डिंगचे दाणे घासून काढायचे. बीड दाब सोसतं, ताण नाही. खाली दाणा राहिला आणि बोल्ट आवळला, तर व्हाइसचा कान, म्हणजे बोल्टच्या भोकाचा बाहेर आलेला भाग, तुटतो.

(दृश्य : तयार स्टँड. कारागीर पुन्हा गज ओढतो.)

सगळं मिळून वजन झालं 128 किलो. खालची प्लेट 60 बाय 60 सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कड 30 सेंटिमीटरवर. हिशेब केला तर जबड्याच्या उंचीवर सुमारे 36 किलोची ओढ लागली की मागची कड उचलायला लागते. तयारीचा माणूस अंग टाकून तेवढं ओढू शकतो. त्याने ओढलं. कड उचलली.

आता दोन वाटा. फरशीत अँकर बोल्ट मारायचे, हा प्रश्न कायमचा मिटतो. पण जागा बदलायची असते, तेव्हा हा इलाज जड जातो.

दुसरी वाट आम्ही घेतली. समोर 30 सेंटिमीटरची जोडप्लेट वेल्ड केली आणि कारागीर तिच्यावर उभा राहिला. होडीत बसून तिचीच कड कितीही ढकलली, तरी होडी किनाऱ्याकडे जात नाही. इथेही तेच. हात व्हाइसला जेवढं ओढतात, तेवढंच पाय त्याच प्लेटला उलट रेटतात. बाहेर काही उरतच नाही. शिवाय माणसाचं वजन स्टँडच्या वजनात मिळतं.

(दृश्य : पुन्हा तोच गज, तोच पाइप. कारागीर ओढतो. गज हळूहळू वाकतो. कॅमेरा खाली येतो. कोपऱ्याखालची पत्र्याची चकती जागच्या जागी आहे.)