घोड्याच्या पोटातला खडा दिसतो कसा?

(दृश्य: तबेला. खोड्यात उभा खच्ची घोडा.)

रपेट करून घोडा परतला, पाय फाकवून उभा राहिला, आणि लघवीतून रक्त आलं. आराम करताना मात्र काहीच नाही. अशी तक्रार आली की डॉक्टरांना पहिला संशय येतो मूत्राशयातल्या खड्याचा. नर असेल तर जास्तच. घोडीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, लहान खडे त्यातून निघून जातात.

लघवी गढूळ, चिकट दिसली म्हणून घाबरायचं नाही. घोड्याची लघवी असतेच तशी, कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांनी आणि श्लेष्म्यानं भरलेली. माणसाच्या रिपोर्टच्या मापानं ती मोजली की फसगत ठरलेली. खडाही बहुधा त्याच कॅल्शियम कार्बोनेटचा, पिवळसर आणि काटेरी. धावताना तो अस्तराला घासतो.

(दृश्य: खांद्यापर्यंतचा हातमोजा, त्यावर वंगण.)

एक्स-रे? शिंगराचा काढता येतो. मोठ्या घोड्याचं पोट इतकं जाड, की चित्रातून फारसं हाती लागत नाही. म्हणून आधी हात. गुंगी देऊन, गुदमार्गातून, सावकाश. घाई झाली तर तिथली भिंत फाटते आणि घोडा जिवाला मुकू शकतो. खडा मूत्राशयात टणक लागतो. डाव्या मूत्रपिंडाचं मागचं टोकही चाचपता येतं. उजवं बरगड्यांखाली पुढे असतं, तिथवर हात सहसा पोहोचत नाही.

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा.)

तिथे सोनोग्राफी. उजव्या कुशीत, शेवटच्या बरगड्यांच्या फटीत प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातातला भाग, टेकवला की पत्त्यांतल्या बदामासारखं मूत्रपिंड दिसतं. डावं प्लीहेच्या आड असतं, ते प्लीहेतूनच बघायचं. मूत्राशयासाठी मात्र, घोडी गाभण आहे का हे ज्यानं बघतात, तोच प्रोब गुदमार्गातून घालतात. खडा म्हणजे पांढरी चकाकती कड आणि तिच्याखाली काळी सावली.

(दृश्य: दुर्बिणीतून मूत्राशय.)

शेवटी दुर्बीण. नराला किमान मीटरभर लांबीची नळी लागते. लघवी काढून, थोडी हवा भरून आत पाहिलं की घड्याळातल्या 10 आणि 2 च्या जागी मूत्रवाहिन्यांची, म्हणजे मूत्रपिंडांतून लघवी आणणाऱ्या नळ्यांची, तोंडं दिसतात. इथे थांबायचं, घाई करायची नाही. मिनिटभरात एकेका तोंडातून लघवीची चिळकांडी उडते. एकीतून लाल आली, तर रक्त वरून, त्या बाजूच्या मूत्रपिंडातून येतंय.

खडा इथे समोर दिसतो. तरी शस्त्रक्रिया ठरवण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात, म्हणजे मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ. मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील, तर खडा काढूनही घोडा सावरेल याचा भरवसा देता येत नाही.