रंगाखालची गाडी

मंडळी, हॉट रॉडच्या, म्हणजे जुनी गाडी कापून-जोडून आणि इंजिन सुधारून नव्यानं घडवलेल्या गाड्यांच्या, प्रदर्शनात शिरलेला माणूस आधी रंग बघतो. त्यात त्याची चूक नाही, रंग लावलेलाच असतो त्यासाठी. पण गॅरेजमध्ये रंग सगळ्यात शेवटी लागतो आणि आधीची सगळी पापं-पुण्यं झाकतो. म्हणून आज गाडी उलटीकडून वाचायची: वरचा थर काढत काढत चेसिसपर्यंत जायचं.

उदाहरण घेऊ कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या ग्रँड नॅशनल रोडस्टर शोचं. अल स्लोनेकर यांनी १९५० साली ऑकलंडला तो सुरू केला. २००४ पासून तो पोमोनाच्या फेअरप्लेक्स मैदानावर भरतो, जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शुक्रवार ते रविवार. 'अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर' हा तिथला मोठा मान. चषक कसला, नऊ फुटी मनोराच. १९५० चा पहिला मान बिल नीकॅम्प यांच्या १९२९ च्या फोर्डला मिळाला. स्पर्धेत गाडी १९३७ किंवा त्याआधीच्या घडणीची लागते आणि तिनं स्वतःच्या इंजिनावर चालून दाखवावं लागतं. रोडस्टर म्हणजे कापडी टपाची, दारात वर-खाली होणारी काच नसलेली गाडी. काच फिरवायची मूठ आली की ती कन्व्हर्टिबल झाली.

दिवसांचं गणित सोपं आहे. शुक्रवारी गर्दी कमी, तेव्हा हॉलमधल्या गाड्या बघून घ्याव्यात. शनिवारी बाहेरच्या आवारात चालवत आणलेल्या गाड्या असतात, तिथे इंजिन ऐकायला मिळतं. आणि गाडीला हात लावायचा नाही. पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन, गळ्यातला कॅमेरा यांनी पडलेला ओरखडा पॉलिश करून जाईलच असं नाही.

तो का जात नाही, ते कँडी रंगात कळतं. जो बेलन या कारागिराच्या नावाशी कँडी अ‍ॅपल लाल जोडला गेलाय. खाली रुपेरी किंवा सोनेरी थर, त्यावर पारदर्शक रंगाचे हात, वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकचकीत थर. पारदर्शक थराचा प्रत्येक हात रंग गडद करतो. म्हणजे दाराला पाच हात आणि मडगार्डला सहा पडले, तर दोन्हींची छटा जुळत नाही. रंगाच्या स्प्रे गनचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर कमी-जास्त चढला की झेब्र्यासारखे पट्टे उठतात. खपली उडाली तर तेवढ्यापुरता टच-अप चालत नाही, अख्खा पत्रा पुन्हा करावा लागतो.

आता रंगाखालचा पत्रा. हात न लावता तो तपासायला हॉलमधले दिवे पुरतात. गाडीच्या टोकाशी उकिडवं बसा आणि दारावर पडलेल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ गेली तर पत्रा सरळ. वळवळली तर तिथे लांबी, म्हणजे पुटी, जास्त भरलीय किंवा वेल्डिंगच्या तापानं पत्रा आखडलाय. मग दारांच्या फटी: साधारण दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), वरपासून खालपर्यंत सारखी. वर रुंद, खाली चिमटलेली दिसली, तर टप कापण्याआधी बॉडीला आतून आधार दिला नव्हता असं खुशाल समजा.

टप कापणं, म्हणजे चॉप, ही कस्टम गाडीची खरी परीक्षा. १९२८ ते ३१ च्या फोर्ड मॉडेल ए कूपेचे (दोन दारांच्या, पक्क्या टपाच्या गाडीचे) खांब जवळजवळ उभे असतात. तीन इंच कापले तरी टप बहुतेक जागच्या जागी बसतो. १९४९ ते ५१ च्या मर्क्युरीत खांब कलते, मागचा टप गोलाकार. तिथे टप खाली आणला की पुढच्या खांबांचं तोंड मागच्याशी जुळत नाही. टप कापून लांब करावा लागतो आणि मागची काच आडवी झोपवावी लागते. कस्टम गाड्या घडवणाऱ्या बॅरिस बंधूंनी १९५२ मध्ये केलेली 'हिरोहाटा मर्क' पुढे चार इंच आणि मागे सात इंच उतरवलेली आहे. तिची ओघळती पाठ त्या तीन इंचांच्या फरकातून आलीय. काचेचंही भान लागतं. दोन थरांची लॅमिनेटेड काच कापता येते. टफन केलेलीला कटर लावला की चुरा.

सांधा एका दमात वेल्ड करायचा नाही. इंचा-इंचावर टाका, मग दुसऱ्या टोकाला जायचं, पहिलं टोक निवू द्यायचं. मिगचा (आपोआप तार सोडणाऱ्या विजेच्या वेल्डिंगचा) टाका कडक पडतो, ठोकून सारखा करायला गेलं की चिरतो. टिगचा (हातानं वेगळी तार देत केलेल्या विजेच्या वेल्डिंगचा) किंवा गॅसचा मऊ असतो, हातोडा सोसतो.

त्यानंतर शिसं. जुने कारागीर सांधे लांबीनं नव्हे, शिशानं भरत. आपल्याकडे ज्यांनी कल्हई होताना पाहिलीय त्यांना हे लगेच उमजेल. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, फ्लक्स (धातू नीट चिकटावा म्हणून लावायचं आम्लयुक्त रसायन) लावायचा, तापवून कथलाचा पातळ हात फडक्यानं पुसून घ्यायचा. कल्हई नीट बसली नाही, तर वरचं शिसं पुढे सुटून येतं. मग ७० टक्के शिसं, ३० टक्के कथील अशी कांडी. ही १८३ अंशांना मऊ व्हायला लागते आणि २५० च्या पुढे पाणी होते. मधल्या टप्प्यात ती लोण्यासारखी राहते, आणि सगळं कसब तेवढ्यात. मेपलच्या लाकडाचा थापा चरबीत बुडवून थापायचं. थापा कोरडा राहिला तर शिसं त्यालाच चिकटतं. ज्योत जरा रेंगाळली की भरलेला माल जमिनीवर. आकार कानशीनं द्यायचा. ग्राइंडर लावायचा नाही, शिशाची धूळ फुप्फुसात जाते. शेवटी खायचा सोडा आणि पाण्यानं धुवायचं. हे टाळलं तर फ्लक्समधलं आम्ल आत राहतं आणि काही महिन्यांनी चकाचक रंगाला फोड येतात. प्रदर्शनात ते दिसत नाही, पुढच्या पावसाळ्यात दिसतं.

खाली वाका. मानाच्या गाड्यांखाली आरसे ठेवलेले असतात. १९३२ ची फोर्ड, अमेरिकन बोलीत 'ड्यूस', म्हणजे पत्त्यांतली दुर्री, लाडकी आहे ती तिच्या चेसिसमुळेही: बाजूची पट्टी उघडी दिसते आणि तिच्यावर दाबून काढलेली वळणदार रेघ असते. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०६ इंच. पुढे चार इंच खाली वाकवलेला आय-बीम एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध दांडा, मागे मोठे टायर, पुढे लहान. इथेच एक गफलत होते. मागचे टायर मोठे केले की चेसिस पुढे झुकते आणि तेवढा कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. कॅस्टर पाच ते सात अंश हवा आणि टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून एकमेकांकडे वळलेली असणं, जेमतेम एक सूत. कॅस्टर दोन-तीन अंशांवर आला आणि किंगपिन, म्हणजे तीच खिळी, झिजलेली असली, की एका खड्ड्यावर पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात, स्टेअरिंग हातात राहत नाही. त्यावर लोक डँपर, म्हणजे स्टेअरिंगची थरथर शोषणारा दट्ट्या, लावतात. डँपरनं दुखणं दबतं, बरं होत नाही. गाडी शेवटच्या टायरांवर आणि शेवटच्या उंचीला उभी करून मगच कॅस्टर मोजायचा.

इंजिन मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच आणि वरचं झाकण सपाट असलेलं आठ सिलिंडरांचं इंजिन), १९३२ मध्ये २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. त्याचा एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेतून बाहेर पडतो. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड. म्हणजे रेडिएटरला धुराचीही उष्णता उपसावी लागते. पाण्याच्या त्या जागेत ओतकामाची वाळू आणि गंज साचला की रांगेत उभी गाडी उकळते. मोठा रेडिएटर घेण्याआधी ब्लॉक धुऊन घ्यावा. जुना ब्लॉक विकत घेताना व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्या मधली जागा बघा, चीर तिथे पडते. डोळ्यांवर विसंबू नका, मॅग्नाफ्लक्स, म्हणजे चुंबक आणि लोहकणांनी चीर शोधायची तपासणी, करून घ्या.

वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर दिसतील. यांना अडीच-तीन पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) वर पेट्रोलचा दाब सोसत नाही. आजचे पाच-सात पीएसआयचे विजेचे पंप लावले की पेट्रोल अडवणारी निडल उचलली जाते आणि पेट्रोल इनटेकवर सांडतं, रेग्युलेटर लागतोच. सुट्या भागांत ९७ घेताना थ्रॉटलचा दांडा हलवून बघा. तो खडखडला तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाची संथ चाल, कधीच जुळत नाही.

इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या मनात जुन्या अँबेसेडरचा टप कापायचा असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. आरसी बुकात नोंदलेल्या, कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. कॅस्टर नीट लावायला, ब्लॉक धुवायला आणि कार्ब्युरेटरचा दांडा बदलायला मात्र आरटीओत जावं लागत नाही.

रविवारी संध्याकाळी पुन्हा फाटकाशी उभे राहा. हॉलमध्ये आगीच्या भीतीनं बॅटरी सोडलेली, टाकी जेमतेम भरलेली असते. तारा जोडल्या जातात आणि गाड्या एकेक करून बाहेर निघतात. काही थेट ट्रेलरवर चढतात. काही रस्त्याला लागतात, त्यांची पुढची चाकं पहिल्या खड्ड्यावर काय करतात तेवढं बघा.