ऑक्टोबर हीट, तिथी आणि ओहोटी

मुंबईत शरद ऋतू वगैरे काही नसतं, ऑक्टोबर हीट असते, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. हवामान खात्याच्या हिशोबाने मान्सून मुंबईतून ८ ऑक्टोबरच्या आसपास निघतो, आणि तो निघाला रे निघाला की पंखा पाचवर. आभाळ मोकळं, जमीन अजून ओली, सकाळभर वारा जमिनीकडून, त्यामुळे समुद्रावरचा खारा वारा आत शिरायला दुपार उलटते आणि तोवर पारा पस्तिशीच्या पुढे गेलेला असतो. मग आपण काय करतो, तर दिवाळीचं गोवा नाहीतर महाबळेश्वर बुक करतो, घाटात सहा तास ट्रॅफिकमध्ये बसतो आणि परत येऊन सांगतो की मस्त रिलॅक्स झालो.

पण याच दिवसात आपल्या दारातला किनारा पावसाळ्यानंतर नीट उघडतो. तो बघायला बुकिंग लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर लागतं. तिथी बघायला.

हिशोब सोपा आहे, आमच्याकडे आजोबांच्या पिढीला तोंडपाठ असायचा. आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला, ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण मोबाईल चार्ज नसला तरी चालतं. हे न बघता मी एकदा मोठ्या उत्साहात मित्रांना घेऊन संध्याकाळी कार्टर रोडच्या खडकांवर गेलो, जिवंत शंख दाखवतो म्हणून. अष्टमी होती. आठचे पाऊणपट सहा. सहा वाजता सगळे खडक पाण्याखाली, आम्ही कठड्यावर, आणि शंखांच्या जागी वडापाव.

आता चला वेसाव्याला, म्हणजे तुमच्या वर्सोव्याला. मेट्रोने आलात तर वर्सोवा स्टेशनला उतरून समुद्र शोधू नका, तिथून गावात यायला रिक्षा करावी लागते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मग नारळी पौर्णिमा, समुद्राला नारळ, आणि होड्या पाण्यात. पण कोळीवाडा खरा रंगात येतो तो ऊन पडल्यावर, कारण बोंबील सुकवायला ऊन लागतं. या वलांड्या बघा, मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडण्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे एक तिकडे. ना चिमटा ना गाठ, मीठसुद्धा नाही. बोंबलात मांसापेक्षा पाणीच जास्त, त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही मिळालं की दोनतीन दिवसात काम होतं. आपण ज्या उन्हाला शिव्या घालतो त्या उन्हाची इथे वाट बघतात, आणि मध्येच परतीच्या पावसाची एक सर आली की सगळी वलांडी वाया जाऊ शकते, म्हणून बायकांचा एक डोळा आभाळाकडे असतो. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. हे त्यांचं ऑफिस आहे.

बोंबील येतो तो डोल जाळ्यात. हे जाळं होडीमागे ओढत नाहीत, समुद्रात एका जागी बांधून ठेवतात, मोठ्या पिशवीसारखं, प्रवाहाच्या तोंडाला, आणि भरती-ओहोटीचं पाणी स्वतःच मासळी आत आणून सोडतं. म्हणजे पाण्याला ओढ असेल तर धंदा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी जोरात धावतं, ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपास ते मंदावतं, त्याला म्हणतात भांग. भांगाच्या दिवसात तुम्हाला लोक जाळी विणताना, फाटकं सांधताना दिसतील, गप्पा मारायला तेव्हा वेळ असतो. बाजार बघायचा तर उधाणाला या. आणि अमावस्येची चिंबोरी भरलेली असते असं म्हणतात, त्यावर वाद घालण्यापेक्षा मी दोन्ही पक्षात खाऊन बघतो.

वेसावच्या किनाऱ्यावरचं प्लास्टिक बघून नाक मुरडाल तर एवढं लक्षात ठेवा, अफरोज शाह यांनी इथली सफाई २०१५ च्या ऑक्टोबरमध्येच सुरू केली होती आणि २०१८ च्या मार्चमध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे गेली.

इथून फेरी. समोर मढ, मधे फक्त खाडी, बाईकसकट चढायचं आणि काही मिनिटांत पलीकडे. रस्त्याने जायचं म्हटलं तर मालाड, मार्वे करत वीसेक किलोमीटरचा वळसा, त्यात शनिवार असेल तर देवाचं नाव घ्या. गंमत म्हणजे वेसाव्याचा किल्ला आहे मढच्या बाजूला. पोर्तुगीजांनी बांधला, १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, आता परिसर हवाई दलाकडे आहे, तेव्हा बाहेरूनच बघा आणि पुढे चला.

वाटेत अक्साचा किनारा लागेल. अक्साला पाण्यात उतरू नका, बस. ओहोटीचं पाणी तिथे पायाखालची वाळू ओढून नेतं, दरवर्षी माणसं बुडतात आणि दरवर्षी कुणीतरी लाईफगार्डशी हुज्जत घालतं की मला पोहता येतं.

मार्वेवरून दुसरी फेरी, मनोरी. उतरलात की मुंबईत आहोत हे विसरायला होतं, विहिरी, ताडाची झाडं, मधेच भातशेती, आणि बोली मराठी असली तरी दारावर क्रूस. हे ईस्ट इंडियन, इथलेच मूळ ख्रिस्ती. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यांच्या गावठाणांमध्ये आगेरा असतो, नव्या भाताचा सण, शेतातून लोंब्या कापून बँडच्या तालावर मिरवणुकीने चर्चमध्ये नेतात आणि त्यांना आशीर्वाद दिला जातो. ज्या गावठाणांत आता शेत उरलेलं नाही, आजूबाजूला टॉवर आहेत, तिथेही लोंब्या कुठूनतरी आणतात. सणाला फुगे, म्हणजे तळलेले गोल गोल पाव, आणि बाटली मसाल्यातलं मटण. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून बियरच्या बाटल्यांमध्ये दाबून भरायचे म्हणून बाटली मसाला, दुसरं काही गूढ नाही. कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. पुढे गोराईचा पॅगोडा आहे, २००९ मध्ये उघडला, आतल्या घुमटाला एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. बघा जरूर, पण सगळी गर्दी तिथेच असते, मी गावात रमतो.

आता परत तिथीकडे. कोजागिरी. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारी आणि मध्यरात्री, आणि ओहोटी बरोब्बर संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आधी. वर उधाण, त्यामुळे पाणी लांबवर आत गेलेलं. अमावस्येला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही हेच, पण तेव्हा घरून कोण सोडतंय. अष्टमीला मला फसवलेल्या त्याच कार्टर रोडला कोजागिरीला साडेपाचला या. खडकांच्या फटीत समुद्रफुलं उघडलेली असतात, दुसऱ्याचा शंख भाड्याने घेतलेले छोटे खेकडे पळतात, चिखलात निवट्या नावाचा मासा उड्या मारतो. चपला नको, पकड असलेले बूट घाला, दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, आणि पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले २०१७ पासून असे फेरफटके काढतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यांच्याबरोबर जावं, नाहीतर निम्म्या गोष्टींवर आपण पाय देऊन येतो. हाजीअली-वरळीला तर प्रवाळ सापडलं होतं, कोस्टल रोडच्या कामासाठी २०२० मध्ये ते उचलून दुसरीकडे लावावं लागलं. मुंबईत प्रवाळ, आणि आपण स्कूबाला मालवण गाठतो. मालवण वाईट नाही हां, जा की.

रात्री आम्ही मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर. थर्मासमध्ये मसाला दूध, चंद्र डोक्यावर, आणि संध्याकाळी अर्ध्या किलोमीटरवर वाटणारं पाणी आता खाली टेट्रापॉडवर आपटतंय. पिशवीत सकाळी वेसाव्यातून घेतलेले सुके बोंबील, तीन पिशव्यांत गुंडाळलेले, तरी वास कट्टाभर. शेजारच्या काकूंनी दोनदा आमच्याकडे वळून बघितलं. तिसऱ्यांदा सरकत जवळ आल्या आणि हळूच विचारलं, कुठून घेतलेत, कसे दिले?