उडदाचं रान, भरलेला फोन आणि अपडेट

नमस्कार श्रोतेहो.

आपला फोन अधूनमधून एक प्रश्न विचारतो. नवीन अपडेट आलंय, आता घ्यायचं की नंतर? बहुतेक घरांत बोट जातं ते 'नंतर'वर. कुणी घाईत असतं, कुणाला वाटतं फोन बिघडेल, कुणाला वाटतं डेटा संपेल. आणि ते 'नंतर' काही उजाडत नाही.

आज मी उपयोगी ॲपबद्दल बोलणार आहे, पण त्याआधी या अपडेटबद्दल. एक वाक्य लक्षात ठेवा, मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. अपडेट वेळेवर घ्यायचं, आणि ते फोनच्या आतून घ्यायचं. मेसेजमधून आलेलं घ्यायचं नाही.

अपडेटमध्ये असतं काय? कधी नवी सोय असते, कधी नुसता रंग बदललेला असतो. पण मुख्य काम असतं सुरक्षेतली भोकं बुजवण्याचं. पावसाळ्याआधी आपण घर शाकारून घेतो ना, तसंच. एक जुना दाखला देते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं, ते सुटले. ज्यांनी 'नंतर' म्हटलं, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या संगणकांत दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस शिरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधी फुकट मिळत होती, श्रोतेहो. फक्त ती घेतलेली नव्हती.

आता मला जे सांगायचंय, ते सांगते.

माझं आजोळ सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात. खरिपाला उडीद, सोयाबीन, तूर. एके काळी हा सगळा भाग ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जायचा. आता ज्वारीचा पेरा घटत चाललाय, कडब्याच्या गंजी दिसेनाशा झाल्यात, आणि मला ते मनापासून खटकतं. जनावरांनी खायचं काय, आणि आपण तरी भाकरी कशाची थापायची? असो. तर मी गौरी-गणपतीला मामांकडे गेले होते. उडीद काढणीला आलेला. शेंगा काळ्या पडलेल्या, पानं पिवळी. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका काढायला येणार म्हणून मामीने सांगावा धाडलेला. आणि संध्याकाळी चहा घेताना मामांना आठवलं, पीक पाहणी राहिलीय.

शेतकरी श्रोत्यांना मी काय सांगू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपण स्वतः मोबाईलवरून करायची, आणि पिकाचा फोटो रानात उभं राहून काढायचा. उडीद म्हणजे सत्तर-ऐंशी दिवसांचं पीक. एकदा काढला की रान मोकळं, मग फोटो कशाचा काढणार? आणि नोंद नसली की पुढे भरपाई आली, हमीभावाची खरेदी आली, सगळीकडे अडतं.

मामांनी ॲप उघडलं. ॲप म्हणालं, नवीन व्हर्जन घ्या. मामांनी प्ले स्टोअर उघडलं. ते म्हणालं, फोनमध्ये जागा नाही. मामांनी फोन बंद करून चालू केला. पुन्हा तेच. दिवस कलायला लागलेला, आभाळ भरून आलेलं. मामा उठून पारावर गेले. थोड्या वेळाने परत आले ते हसत. म्हणाले, "काम झालं. ग्रुपवर नवीन पीक पाहणीची फाईलच आलीय. तिला जागा लागत नाही म्हणं. नुसती दाबायची."

मामी चुलीपुढे होती. तिथूनच तिने विचारलं, "कुणी पाठवली?"

"ग्रुपवर आलीय."

"ग्रुपवर टाकली कुणी?"

मामांना सांगता येईना. नंबर कुणाच्याच ओळखीचा नव्हता. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन इंग्रजी अक्षरं होती. मामी पदराला हात पुसत आली आणि तिने मामांच्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "अहो, असलीच फाईल आमच्या गटातल्या बाईला आलती. लग्नपत्रिका म्हणून. तिनं उघडली. पत्रिका नाही न् काय नाही. आन् दुसऱ्या दिवशी खातं रिकामं."

मामीच्या बचत गटातल्या त्या बाईला बँकेत जे सांगितलं होतं, ते मामीला पाठ होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. अशी फाईल दाबली की फोनमध्ये एक चोर ॲप बसतं. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण 'हो' म्हणतो. मग बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराकडे पोचतो. पीक पाहणी असो, लग्नपत्रिका असो, वाहनाचं चलन असो, वीजबिल असो. नाव बदलतं, फाईल तीच. म्हणून पुन्हा सांगते. अपडेट फोनच्या आतून घ्यायचं. मेसेजमधून आलेलं घ्यायचं नाही.

मामीने ती फाईल पुसून टाकली. मग म्हणाली, "जागा नाही म्हणजे कुठं गेली जागा? बघू की."

मामांची नात आठवीत आहे. ती पुढे आली आणि सवयीने आजीच्या हातातून फोन घ्यायला लागली. मामीने फोन मागे घेतला. "तू नुसतं सांग. बोट मी लावते."

श्रोतेहो, हे वाक्य मला फार आवडलं. घरातल्या मोठ्या माणसांच्या हातातून फोन ओढून घेऊन भराभरा करून देणं म्हणजे शिकवणं नव्हे. वेळ लागू द्या. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. दहा मिनिटं जास्त लागतील, पण पुढच्या वेळी ती माणसं कुणाची वाट बघत बसणार नाहीत. मुलांनो, सुनांनो, जावयांनो, एवढं कराच.

तर नात सांगत गेली, मामी करत गेली. व्हॉट्सॲप उघड. वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके. सेटिंग्ज. त्यात 'स्टोरेज आणि डेटा'. त्यात 'स्टोरेज व्यवस्थापित करा'. आणि तिथे दिसलं की ३२ जीबीच्या फोनमधली ११ जीबी जागा एकट्या व्हॉट्सॲपने अडवलीय. वरच एक वेगळा गठ्ठा होता, 'अनेकदा फॉरवर्ड केलेले'. उघडला तर सुप्रभात, शुभ सकाळ, उगवता सूर्य, गुलाबावरचे दवबिंदू, आणि एकच विठ्ठल कितीतरी वेळा.

मामा कळवळून म्हणाले, "अगं, विठोबा पुसतीस का काय?"

मामी म्हणाली, "विठोबा पंढरपुरात हाय. इथं जागा पायजे."

तो गठ्ठा गेला. मग मोठे व्हिडिओ एकेक करून बघितले. कुणाच्या तरी भाषणाचे, कुठल्या तरी अपघाताचे, पाककृतींचे. एका व्हिडिओवर मामीचं बोट थांबलं. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीचा होता तो. खालून कुणीतरी ओरडतंय, वर सगळे वाकून बघतायत, आणि मामांचा आवाज येतोय, "लागलं, लागलं!" तिघांनीही तो पुन्हा पाहिला. मामीने तो आधी मुलाला पुण्याला पाठवून दिला, आणि फोनमध्येही ठेवला. बाकीचं सगळं पुसलं.

नऊ जीबी जागा मोकळी झाली. मग रेंजसाठी गावातल्या पाण्याच्या टाकीपाशी गेलो. प्ले स्टोअर उघडलं, उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं, 'ॲप्स आणि डिव्हाइस व्यवस्थापित करा' हे दाबलं. पीक पाहणीचं अपडेट तर होतंच, पण त्याच्याबरोबर अपडेटसाठी थांबलेल्या ॲपची भली मोठी रांग होती. त्यात मामांचं बँकेचं ॲपही होतं! जागा नव्हती म्हणून कित्येक महिने ते तसंच राहिलेलं. मामीने पीक पाहणी आणि बँक आधी घेतली.

तिथून तडक रानात. लोकेशन चालू केलं. मामांनी गट नंबर निवडला, पीक निवडलं, क्षेत्र भरलं, पेरणीची तारीख भरली. उडदाच्या रानात उभं राहून फोटो काढला. उजेड कमी होता, पण शेंगा स्पष्ट आल्या. टाकीपाशी परत येऊन नोंद अपलोड केली. सकाळी बायका आल्या आणि उडीद निघाला.

आणि पुढचं ऐका. उडीद निघाला त्या दिवशी संध्याकाळी मामीच्या ओट्यावर गटातल्या चार-पाच जणी आपापले फोन घेऊन बसलेल्या. मामी सांगतेय, "तू नुसतं ऐक, बोट तूच लाव." प्रत्येकीच्या फोनमध्ये तोच सूर्य, तोच गुलाब. पुसायचं काम चालू होतं. मामीने त्यांना आणखी एक सेटिंग दाखवलं, नातीकडून शिकलेलं. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करता येतं. त्याच 'स्टोरेज आणि डेटा'मध्ये. मग हवा तोच फोटो आपण बोट लावून घ्यायचा, नको तो फोनमध्ये येतच नाही.

माझा वेळ या गोष्टीतच बराच गेला, पण ती सांगितल्याशिवाय पुढच्या ॲपना अर्थ नव्हता.

तीन ॲप सांगते. तिन्ही सरकारी, तिन्ही फुकट, आणि तिन्ही प्ले स्टोअरमधूनच घ्यायची.

पहिलं 'दामिनी'. पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिने हे केलंय. आपण जिथे आहोत त्याच्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर ते दाखवतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात रानात काम करणाऱ्या प्रत्येक घरात हे हवं. पण लोकेशन बंद ठेवलंत, तर त्याला तुम्ही कुठे आहात हे कळणार नाही. लोकेशन चालू ठेवा. इशारा आला की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

दुसरं 'डिजिलॉकर'. २०१५ पासून आहे. गाडीचं लायसन्स, आरसी बुक, दहावी-बारावीची गुणपत्रिका त्यात सरकारी नोंदीतून थेट घेता येते. तशी घेतलेली कागदपत्रं कायद्याने मुळाच्या बरोबरीची मानतात. फोनमध्ये नुसता लायसन्सचा फोटो काढून ठेवणं वेगळं, आणि डिजिलॉकरमधलं लायसन्स वेगळं. चौकात पोलिसांनी अडवलं की हा फरक कळतो.

तिसरं 'संचार साथी'. फोन हरवला, चोरीला गेला तर तक्रार करून तो देशभर बंद पाडता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही दिसतं, आणि अनोळखी नंबर निघाला तर कळवता येतं. हरवलेला फोन बंद पाडायला त्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर लागतो. आत्ता कागद-पेन घ्या. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पुन्हा सांगते, स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. पंधरा आकडे येतील, दोन सिमचा फोन असेल तर असे दोन वेगळे नंबर येतील. ते कागदावर लिहून कपाटात ठेवा. फोनमध्ये लिहून ठेवू नका, कारण हरवणार तोच फोन आहे.

आणि एखाद्याने खोटी फाईल दाबलीच, पैसे गेलेच, तर लाजून घरात बसायचं नाही. लगेच १९३० ला फोन करायचा. एक, नऊ, तीन, शून्य. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा.

शेवटी जुन्या फोनबद्दल, कारण त्याबद्दल पुष्कळ जण विचारतात. सेटिंग्जमध्ये जा, 'फोनबद्दल' उघडा, आणि सुरक्षेच्या अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि नवीन काही येतच नसेल, तर कंपनीने त्या फोनकडे लक्ष देणं सोडलंय असं समजा. त्यात बँकेचं ॲप ठेवू नका, पैसे पाठवायचं ॲप ठेवू नका. फोन फेकूही नका. बँकेची ॲप काढून टाका, घरातल्या वाय-फायला जोडा, प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' घाला आणि स्वयंपाकघरात आकाशवाणी ऐका. नव्या फोनमधून एफएम रेडिओ गायब होत चाललाय, हे मला अजिबात पटत नाही. केंद्र सरकारनेही २०२३ मध्ये कंपन्यांना एफएम चालू ठेवा म्हणून सूचना काढली होती, कारण पुरात-वादळात टॉवर पडले तरी रेडिओ पोचतो. नवा फोन घेताना दुकानदाराला हे विचारा, आणि दुसरं विचारा, याला सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार? कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सगळे सांगतात. हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

नमस्कार.