ताठ बांगडा आणि तळीतलं पान

श्रोतेहो, नमस्कार.

मासळी घेताना आपण बांगडा आडवा धरून बघतो. काठीसारखा ताठ राहिला तर ताजा, मान टाकली तर शिळा. तो ताठपणा येतो कुठून, तिथूनच आज सुरुवात करते.

स्नायूच्या पेशीत दोन जातींचे तंतू असतात, जाड मायोसिनचे आणि बारीक ॲक्टिनचे. त्यांची मांडणी इतकी बारीक की एका मिलिमीटरच्या लांबीत या तंतूंच्या जुळणीचे सुमारे चारशे घटक एकामागोमाग बसतात. मायोसिनच्या एका तंतूला शेकडो डोकी. प्रत्येक डोकं ॲक्टिनला धरतं, ओढतं, सोडतं, पुढे जाऊन पुन्हा धरतं. किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल, तर हे डोळ्यांपुढे येईल. दोर ओढत मागे आलेला गडी दोर सोडतो, पाण्याकडे धावतो आणि पुन्हा धरतो. सगळे एकदम सोडत नाहीत, म्हणून जाळं मागे जात नाही.

आता गंमत अशी की डोक्याला सुटायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. त्याचा रेणू येऊन चिकटला की पकड सुटते. मासा मेला, एटीपी संपलं, की धरलेली डोकी धरलेलीच राहतात. हाच बांगड्याचा ताठपणा.

तंतू एकमेकांवर सरकतात हे १९५४ साली दोन वेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. दोन्हींकडे एकेक हक्सली होता आणि दोघांचं काही नातं नव्हतं. त्यांतला अँड्र्यू हक्सली हा डार्विनची बाजू जाहीरपणे लढवणाऱ्या थॉमस हेन्री हक्सलींचा नातू.

हा धडा शिकवताना बारावीच्या वर्गात एक मुलगा उठला. मी फळ्यावर लिहिलं होतं: मज्जातंतूचा निरोप येतो, कॅल्शियम सुटतं, ते ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग ॲक्टिनवरच्या जागा झाकणारी दोरी बाजूला होते. तो म्हणाला, "टीचर, यातला एक भाग काढला तर हात उचलणार नाही. मग हे एकेक करून कसं झालं असेल? कुणीतरी आधी आराखडा केलाच असणार."

प्रश्न जुना आहे. इंग्रज धर्मोपदेशक विल्यम पेली यांनी १८०२ साली घड्याळाचा दाखला दिला होता: घड्याळ आहे, म्हणजे घड्याळजी आहे. १९९६ साली अमेरिकी जीवरसायनतज्ज्ञ मायकेल बीही यांनी तो पेशीत आणला. त्यांचा दाखला उंदराच्या सापळ्याचा. एक भाग काढा, सापळा निकामी. जीवाणूची शेपटी, रक्त गोठण्याची साखळी ही त्यांची उदाहरणं. अमेरिकेत हे शाळेत शिकवण्यावरून खटला झाला आणि २००५ साली न्यायाधीशांनी ते विज्ञान नाही असा निकाल दिला. पण मुलाला न्यायालयाचा निकाल सांगून गप्प बसवणं मला पटलं नाही. त्याला स्नायूकडूनच उत्तर मिळायला हवं होतं.

तर ट्रोपोनिन काढा. आपल्याच आतड्याच्या आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत ते नाही. तिथे कॅल्शियमचा निरोप दुसऱ्या एका प्रथिनामार्फत थेट मायोसिनपर्यंत जातो, आणि आतडं हलतंच. आपण खायला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणतो, त्यांचा शिंपला मिटून धरणाऱ्या स्नायूत तर कॅल्शियमचा खटका मायोसिनवरच बसलेला आहे. म्हणजे खटका एकाच जागी असावा अशी सक्ती नव्हती. आणखी एक: स्पंज या पाण्यातल्या साध्या प्राण्याला स्नायूच नसतात, तरी आपल्या स्नायूंतल्या मायोसिनचा सख्खा नातलग त्याच्याकडे आहे. जीवाणूंत ॲक्टिनचा लांबचा नातलग सापडतो, पेशीचा आकार राखण्याच्या कामावर. भाग आधीपासून होते, दुसरीकडे राबत होते. सापळ्याच्या दाखल्यात ही शक्यताच धरलेली नाही, आणि तिथेच तो मोडतो.

मी देवीला मानणारी बाई आहे, जत्रा चुकवत नाही. म्हणूनच, विज्ञानाला एखादी पायरी दिसली नाही की तिथे देवाला नेऊन बसवावं, हे मला सहन होत नाही. उद्या ती पायरी सापडली तर त्याला तिथून उठवायचं का?

पुढच्या प्रॅक्टिकलला मी देवळाच्या तळीतून हायड्रिला या पाणवनस्पतीची काडी आणली. एक पान काचेवर ठेवलं, वर पाण्याचा थेंब. त्या मुलाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. सुरुवातीला नुसत्या हिरव्या चौकटी. मग उजेडाने पान जरा तापलं आणि चौकटींतले हिरवे दाणे हलू लागले, भिंतीच्या कडेकडेने, एकामागून एक, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. मी सांगितलं, "या पानाला स्नायू नाही. पण दाणे फिरवणारी जोडी तीच, मायोसिन आणि ॲक्टिन."

डोळा न उचलता त्याने विचारलं, "म्हणजे इथेसुद्धा कोणीतरी धरतंय आणि सोडतंय?"

"धरतंय, सोडतंय, पुन्हा धरतंय."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाकीची मुलं गेली, तो तिथेच बसून राहिला.

नमस्कार.