धुऱ्यावरची इंग्रजी

(दृश्य: कापसाचं वावर, ओटीत कापूस भरणाऱ्या बाया आणि पोरी. उन्हं उतरलेली.)

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं हे एक गाव. जानेवारी महिना, कापसाचा शेवटचा वेचा. दिवसभर वावरात असलेल्या यांतल्या काही पोरी आणि त्यांच्याच वयाची काही पोरं अंधार पडला की समाजमंदिराच्या खोलीत जमतात. कुणी पंधराचं, कुणी एकोणीसचं. शाळा प्रत्येकाचीच कधी ना कधी सुटलेली. इथे ती दहावीचा अभ्यास करतात, आणि या महिन्यात इंग्रजी कविता वाचताहेत.

गावात हे सांगितलं की लोक विचारतात, कविता कशाला? बोलायची इंग्रजी शिकवा, बुटीबोरीच्या कंपनीत तरी लागतील. हे म्हणणाऱ्या आईबापांची काळजी खरी आहे, तिला आम्ही नावं ठेवत नाही. पण शाळा सुटलेल्या पोरांच्या वाट्याला फक्त कामापुरती भाषा यावी आणि कविता-नाटक नागपूरच्या कॉलेजातल्यांसाठी राहावं, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. ही फिल्म त्यासाठीच केली.

शाळा सुटते कशी, ते थोडक्यात सांगतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण गावातली शाळा संपली आणि चौदावं सरलं की पुढची वाट ज्याची त्याने काढायची. मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो. सकाळची गाडीच आली नाही तर तो पास घेऊन फाट्यावर किती वेळ उभं राहणार? घरी आई आजारी पडते, सोयाबीन सोंगायला मजूर मिळत नाही, आणि पोरगी आठ दिवस घरी राहते. आठाचे पंधरा होतात. मग नाव कटतं.

अशा मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, 1989 पासून. सगळे तिला एनआयओएस म्हणतात. नोंदणी पाच वर्षं चालते, तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. सोंगणीत ऑक्टोबर हुकला तर एप्रिल आहे. शिवाय घरी लिहून द्यायचं काम असतं, त्याला 20 टक्के गुण. शिकवणाऱ्या सरांना या लिहून देण्याच्या कामात मोठी जागा दिसली.

(दृश्य: खोलीतली सतरंजी, एकच ट्यूबलाइट, गुडघ्यावर वह्या.)

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे इथे बसलेल्या प्रत्येकाने आठ-नऊ वर्षं इंग्रजी घोकलेली आहे. गाइडमधली उत्तरं अजून पाठ आहेत. स्वतःच्या मनातलं एक वाक्य मात्र कुणी कधी इंग्रजीत लिहिलेलं नव्हतं, कारण तसं कुणी सांगितलंच नव्हतं.

सरांनी पहिली कविता निवडली रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची, 'मेंडिंग वॉल', 1914 साली पुस्तकात आलेली. यमक नाही, शब्द बहुतेक साधे. दोन शेजारी शेतकरी, मधे दगडांची भिंत. हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, दगड ढासळतात, काही शिकारी पाडतात. वसंतात दोघं आपापल्या बाजूने चालत भिंत पुन्हा रचतात. सांगणारा म्हणतो, माझी सफरचंदाची झाडं, त्याची पाइनची. भिंत हवीच कशाला? शेजारी बापाकडून ऐकलेलं एकच वाक्य धरून बसतो: कुंपण चांगलं तर शेजारी चांगले.

इथे प्रस्तावनेची गरजच पडली नाही. विदर्भात दोन वावरांच्या मधे धुरा असतो, आणि धुऱ्याचं भांडण ज्या घरात नाही असं घर शोधावं लागेल. दरवर्षी नांगरताना शेजारी एखादं तास इकडे सरकतो, मग मोजणी, मग कोर्ट. एक मुलगा बराच वेळ गप्प होता. त्याने ओळींवर बोट ठेवत विचारलं, "सर, भिंत नको म्हनते तो, पन शेजाऱ्याले निरोप त त्यानंच धाडला?"

कवितेत ते खरंच तसंच आहे. भिंत नको म्हणणाराच शेजाऱ्याला दुरुस्तीसाठी बोलावतो. या एका जागेवरून कवितेकडे पाहण्याची अख्खी दिशा बदलते, आणि ती जागा दहावीत नापास झालेल्या मुलाने स्वतः वाचून शोधली. धुऱ्यावर उभा राहिलेला माणूस तोंडाने एक बोलतो आणि हाताने दुसरं करतो, हे त्याने घरी पाहिलं आहे. साहित्य वाचायला लागणारी समज या मुलांकडे आधीपासून असते, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

मग लिहिणं. पहिल्या खर्ड्यात सर एकही चूक दाखवत नाहीत. मराठीत 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, त्यामुळे ती सर्रास गळतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. त्याचं काम दुसऱ्या खर्ड्यात. पहिल्यात एवढंच पाहायचं की लिहिलंय ते तुझं आहे का. त्याच मुलाच्या वहीत पहिली वाक्यं अशी होती: 'वुई हॅव नो वॉल. वुई हॅव वन नीम ट्री.' पुढे आजोबा, काका आणि त्या कडुनिंबाच्या सावलीवरून झालेलं भांडण. पानभर. गाइडमध्ये हे कुठे मिळणार?

(दृश्य: वर्धा-सेवाग्राम रस्ता, आश्रमाचा परिसर.)

सेवाग्राम इथून दूर नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने नई तालीमचा आराखडा मांडला. सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, हातांच्या कामाभोवती. गांधीजींची कल्पना मॅट्रिकपर्यंतचं ज्ञान, त्यातून इंग्रजी वजा आणि उद्योग अधिक, अशी होती. त्याच जिल्ह्यात आपण इंग्रजी कविता शिकवतोय याचं भान सरांना आहे. आम्हालाही यातला विरोधाभास जाणवला. तरी आमचं मत असं झालं की जे हातून घडतं त्यातूनच शिकायचं, हा नई तालीमचा गाभा या खोलीत जिवंत आहे. कविता आधी मराठीत, वऱ्हाडीत बोलली जाते. इंग्रजी त्यानंतर येते.

दुसरी कविता विल्यम वर्ड्‌सवर्थची, 'द सॉलिटरी रीपर', 1807 ची. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एकटी मुलगी पीक कापते आहे आणि गाते आहे. कवीला तिची भाषा कळत नाही. ती काय गाते, कुणी सांगेल का, असं तो विचारतो आणि सूर मनात घेऊन निघून जातो.

दिवसभर कापूस वेचून आलेली एक मुलगी यावर चिडली. "मग त्यानं तिलेच थांबवून विचारलं काऊन नाही?"

सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली: ती मुलगी कवीने स्वतः पाहिलेलीच नव्हती, मित्राच्या प्रवासवर्णनातल्या एका वाक्यावरून त्याला कविता सुचली. आता तर सगळ्याच मुली बोलायला लागल्या. न पाहता कसं लिहिलं? खोटं आहे का मग? एकीचं म्हणणं, आजीच्या ओव्यांतली पंढरी तरी आजीने कुठे पाहिली होती.

त्या आठवड्याचं काम तिथेच ठरलं. कापणाऱ्या मुलीच्या बाजूने लिहायचं. रस्त्यावर एक परका माणूस उभा आहे, आपल्याकडे पाहतो आहे, आपण काय गातोय? चिडलेल्या मुलीने तीन खर्डे केले. तिची कापणारी मुलगी मनातल्या मनात मजुरीचा हिशोब करत असते, आणि हिशोब चुकू नये म्हणून तो गाण्यात बसवते. माणूस दिसताच ती आवाज वाढवते, म्हणजे मुकादमाला ऐकू जाईल की इथे कुणीतरी उभं आहे. तिच्या इंग्रजीत काळ अजून चुकतात. पण दोनशे वर्षं जुन्या कवितेला तिने विचारलेला प्रश्न रास्त आहे आणि तिने दिलेलं उत्तर तिचं स्वतःचं आहे.

घरून लिहून द्यायची उत्तरं आता ही मुलं स्वतः लिहितात. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि दोन जणांचं काम मागे पडलं आहे. खोलीत एकच शब्दकोश आहे, आणखी पुस्तकं हवीत. चिडलेली मुलगी एप्रिलच्या परीक्षेला बसणार आहे. कडुनिंबवाला मुलगा या वर्षी सालदार म्हणून लागला आहे, तो ऑक्टोबरला बसेल. पुढच्या महिन्यात नाटक घ्यायचं ठरलंय, आणि आधी पात्रं कोण करणार याच्यावरून वाद सुरू आहे.