जहाजाच्या पोटात काय आहे?

(काळोख. लाटांचा आवाज. दूरवर टगबोटीचा भोंगा.)

फ्रान्सच्या नौदलाकडे दोन विमानवाहू जहाजं होती. ‘क्लेमांसो’ आणि ‘फॉश’. एकाच आराखड्यावर बांधलेली, २६५ मीटर लांबीची. जुळी भावंडंच म्हणा ना. क्लेमांसो १९६१ साली नौदलात दाखल झालं, फॉश १९६३ साली. त्या काळी इंजिनाच्या खोलीत, वाफेच्या नळ्यांभोवती, भिंतींच्या पोकळीत अ‍ॅस्बेस्टॉस कोंबायची रीत होती. हे तंतुमय खनिज श्वासातून आत गेलं की घातक, पण जळत नाही, उष्णता अडवतं, स्वस्त पडतं. चाळीस वर्षांनी ते उपसायचं कोणी, हा प्रश्न आराखड्यात नव्हता.

३१ डिसेंबर २००५. तुलोन बंदरातून क्लेमांसो निघालं, टगबोटीच्या दोराला बांधलेलं. जायचं होतं गुजरातमध्ये, भावनगर जिल्ह्यातल्या अलंगला, मोडीत निघायला. थोडं अ‍ॅस्बेस्टॉस फ्रान्समध्येच काढून झालं होतं. उरलं किती? जो तो वेगळा आकडा सांगत होता. वाद भारताच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. जहाज सुएझ ओलांडून अरबी समुद्रात आलेलं असताना, १५ फेब्रुवारी २००६ रोजी, राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी ते परत बोलावलं. अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून ते फ्रान्समधल्याच ब्रेस्ट बंदरात गेलं. शेवटी २००९ साली इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या सुक्या गोदीत पोचलं आणि तिथे सुटं झालं. आतून अ‍ॅस्बेस्टॉस निघालं ते शेकडो टन.

फॉशचं काय झालं, ते नंतर.

(अलंगचा किनारा. ओहोटी. चिखलात रुतलेली जहाजं, काहींचा पुढचा अर्धा भाग नाहीसा झालेला.)

अलंगला पहिलं जहाज लागलं १९८३ साली. हीच जागा का? खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो आणि किनारा हळूहळू उतरत जातो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण गाठायचं, इंजिन जोरात सोडायचं आणि जहाज सरळ किनाऱ्यावर घालायचं. पाणी ओसरलं की ते चिखलात बसतं. मग पुढून कापत जायचं. वजन घटेल तसं पुढच्या उधाणाला विंचने आणखी वर ओढून घ्यायचं. गोदी बांधायचा खर्च चंद्राने वाचवला, असं म्हणायला हरकत नाही.

बांगलादेशात चट्टग्रामजवळ सीताकुंड, पाकिस्तानात गडानी, तिथेही हाच प्रकार. तुर्कीतल्या अलियागाला भरती नावापुरतीच, त्यामुळे तिथे जहाजाचं नाक काठावर टेकवून कापतात. चीनने २०१९ पासून परदेशी जहाजं घेणं बंद केलं. जगातली बहुतेक मोठी जहाजं आता या चार किनाऱ्यांवरच संपतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. जहाज मोडणं हा मुळात चांगला धंदा आहे. वजनाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग पुन्हा कामी येतो. पोलादी पत्र्याच्या पट्ट्या कापतात, तापवतात, रोलिंग मिलमध्ये दाबतात आणि इमारतीच्या सळया तयार होतात. बऱ्याचदा पोलाद वितळवावंही लागत नाही. खाणीतून खनिज काढायला नको, भट्टीत कोळसा जाळायला नको. जनरेटर, पंप, पलंग, गाद्या, कपबश्या, अगदी लाइफबोटीसुद्धा विकल्या जातात. अलंगच्या रस्त्याला अशा मालाची दुकानं मैलभर पसरलेली दिसतात.

मग बिघडतं कुठे?

(गॅस कटरची ज्योत. ठिणग्या. एका टाकीचं गोल तोंड.)

बिघडतं ते या गोल तोंडाशी. टँकरच्या टाकीत तळाशी तेलाचा गाळ राहतो, वर वाफ साठते. ती बाहेर काढल्याशिवाय कटर लावला, तर काय होतं हे गडानीने १ नोव्हेंबर २०१६ रोजी पाहिलं. टँकरमध्ये स्फोट झाला, आग काही दिवस धुमसत राहिली, पंचवीसहून जास्त कामगार गेले.

तेल नसलेली टाकीही तितकीच फसवी. लोखंडाला गंज चढतो, तेव्हा ते हवेतला प्राणवायू शोषून घेतं. महिनोन्महिने बंद असलेल्या टाकीत हवा दिसते तशीच असते, वास नाही, धूर नाही. पण त्या हवेवर माणूस जगत नाही. पहिला आत उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. बंद टाकीतल्या अपघातात बळी अनेकदा एकापेक्षा जास्त असतात, ते यामुळेच.

आणि अ‍ॅस्बेस्टॉस? ते घाई करत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात आणि त्यातून होणारा कॅन्सर वीस, तीस, चाळीस वर्षांनी उठतो. तोवर कामगार गावी परतलेला असतो. जहाजं मोडणाऱ्या कोणत्याही यार्डाच्या अपघात-नोंदवहीत त्याचं नाव येत नाही. जुन्या केबलमधलं पीसीबी हे विषारी रसायन, रंगातलं शिसं, शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला फासलेला टीबीटी नावाच्या विषारी रसायनाचा रंग, हेही तसेच गुपचूप काम करणारे. तांब्यासाठी केबल उघड्यावर जाळली की धुरात डायॉक्सिन, तेही विषच. कापलेला तुकडा वरून तसाच चिखलात पाडला, तर रंगाचे कण आणि तेल पुढच्या भरतीबरोबर समुद्रात.

(काँक्रीटची फरशी. क्रेन एक मोठा तुकडा सावकाश उतरवते आहे.)

नीट काम कसं दिसतं, तेही पाहा. टाकीच्या तोंडाशी मीटर धरलेला माणूस: आधी प्राणवायू किती, मग ज्वालाग्राही वायू किती. दोन्ही ठीक निघाले तरच कटर पेटतो आणि हा तपास रोज नव्याने होतो. तुकडा पाडायचा नाही, क्रेनने अभेद्य फरशीवर उतरवायचा. फरशीवरचं तेलकट पाणी गटारात अडवायचं. अ‍ॅस्बेस्टॉस ओलं करून, बंदिस्त खोलीत, मास्क आणि पूर्ण पोशाख घातलेल्या प्रशिक्षित माणसांनीच काढायचं. हे सगळं करता येतं. अलंगच्या बऱ्याच यार्डांनी अशा फरश्या आणि क्रेन उभ्या केल्या आहेत. मात्र यातलं प्रत्येक काम एका गोष्टीवर अडतं: जहाजाच्या पोटात काय आणि कुठे आहे, हे कापणाऱ्याला आधी कळायला हवं.

हाँगकाँग आंतरराष्ट्रीय करार त्यासाठीच. मे २००९ मध्ये तो मान्य झाला आणि लागू झाला २६ जून २०२५ रोजी. तब्बल सोळा वर्षं! ठरावीक देश, त्यांच्या झेंड्याखालच्या जहाजांचं ठरावीक टनेज (एकूण आकारमान) आणि जहाजं मोडण्याची ठरावीक क्षमता, तिन्ही जुळायला तेवढा काळ गेला. भारत २०१९ मध्ये करारात आला आणि त्याच वर्षी आपला कायदाही झाला. बांगलादेश आणि लायबेरिया २०२३ मध्ये आले, तेव्हा गणित पुरं झालं.

कराराचा कणा म्हणजे घातक पदार्थांची यादी. ५०० ग्रॉस टनांपासून (हे जहाजाच्या आतल्या जागेचं माप) पुढच्या जहाजाने ती जवळ बाळगायची. नव्याने बांधताना सुरुवातीपासूनच, आणि जुन्यांना २६ जून २०३० पर्यंत मुदत. यादी पाहून यार्डाने त्या जहाजापुरता तोडणीचा आराखडा करायचा. मंजुरी आणि प्रमाणपत्र मिळाल्यावरच काम सुरू.

टीकाकार दोन गोष्टींवर बोट ठेवतात. किनाऱ्यावर जहाज चढवायला करार मनाई करत नाही. आणि जहाज शेवटच्या प्रवासाला निघतं, तेव्हा मालक बहुतेक वेळा बदललेला असतो. मधला कॅश बायर ते रोखीने घेतो, झेंडा, म्हणजे नोंदणीचा देश, बदलतो, कधी नावातली दोनचार अक्षरंही पुसतो. तीस वर्षं ज्याने कमावलं, तो तोवर कागदोपत्री बाहेर. ही दुसरी टीका मला जास्त बोचते.

शिवाय एक सूट आहे. युद्धनौका या करारात बसतच नाहीत. ज्या क्लेमांसोमुळे हा विषय जगाच्या पहिल्या पानावर आला, ते जहाज आज असतं तरी हा करार त्याला लागला नसता.

(मोकळा समुद्र. क्षितिजावर एक टगबोट.)

आता फॉश. २००० साली ते ब्राझीलने घेतलं आणि ‘साओ पाउलो’ असं नाव ठेवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये टगबोटीला बांधून रिओहून अलियागाकडे निघालं. त्याच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉस होतं ९.६ टन. जुळ्या भावंडातून शेकडो टन निघालेलं ज्यांना आठवत होतं, त्यांचा या आकड्यावर विश्वास बसेना. वाटेतच तुर्कीने परवानगी रद्द केली. जिब्राल्टरच्या अलीकडून जहाज मागे वळलं. ब्राझीलच्या बंदरांनीही आत घेतलं नाही, तेव्हा ते किनाऱ्याबाहेर घिरट्या घालत राहिलं. सांगाड्यात पाणी शिरू लागलं.

३ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्राझीलच्या नौदलाने किनाऱ्यापासून सुमारे ३५० किलोमीटरवर ते बुडवलं. तिथे पाणी ५,००० मीटर खोल आहे. यादीतला आकडा खरा होता की खोटा, हे तपासायला तिथे कोणी उतरणार नाही.

(लाटा. काळोख.)